किक मारण्याआधी : जुन्या मोटरसायकलींबद्दल वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की जिन्याखालच्या आणि पार्किंगमधल्या ताडपत्र्या निघतात आणि या सदराची पत्रं वाढतात. या वेळची निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं देतो आहोत.

आजोबांची १९६८ची जावा २५० चाळीच्या जिन्याखाली वीस वर्षं उभी आहे. किक अर्ध्यावर अडकते. जोर लावून बघू का?
– एक वाचक, गिरगाव

अजिबात नको. किक अशी अडकते तेव्हा बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात. जोर लावलात तर रिंग तुटते, तिचा तुकडा पोर्टमध्ये अडकून सिलिंडर ओरबाडतो आणि सोडवून निभावलं असतं तिथे बोअर-पिस्टनचं काम निघतं.

प्लग काढा. त्याच्या भोकातून डिझेल आणि टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल निम्मं-निम्मं मिसळून १५ ते २० मिली आत सोडा आणि पूर्ण एक दिवस गाडीला हात लावू नका. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे असं हलवत राहा. किक इंजिनाला एकाच दिशेने रेटते. चाकाने ते दोन्ही दिशांना हलवता येतं, आणि अडकलेली रिंग अशा हलवण्यानेच सुटते. तीन-चार दिवस तेल घालूनही काही हललं नाही तर हेड आणि बॅरल उतरवायचं. तिथे हातोडी नको, लाकडी ठोकळा चालेल.

इंजिन फिरू लागलं की लोक लगेच पेट्रोल ओततात. थांबा. जावाचं इंजिन टू-स्ट्रोक, त्यात क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात आणि वीस वर्षांत त्यांचं रबर हमखास कडक होतं. डावीकडचं, म्हणजे प्रायमरी चेनच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन तिकडचं तेल ओढतं. पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. उजवीकडचं, डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर जास्त वाईट. तिथून नुसती हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस घेते आणि एक दिवस चालत्या गाडीत पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. दोन्ही सील बदलायचीच, ती ‘अजून ठीक’ दिसत असली तरी. मापं सीलवरच कोरलेली असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगच्या कडेवर त्याचा नंबर असतो. हे दोन्ही उतरवून घेऊन बेअरिंग-सीलच्या दुकानांच्या नागदेवी स्ट्रीटला गेलात तर मोटरसायकलचं नावही सांगावं लागत नाही.

टाकीतला गंज सायट्रिक ॲसिडने जातो. एक लिटर कोमट पाण्याला १०० ग्रॅम, टाकी काठोकाठ भरून बारा ते चोवीस तास. नळ आधी काढून भोक बुचाने बंद करा आणि ओघळ बाहेरच्या रंगावर येऊ देऊ नका. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवा आणि लगेच, म्हणजे त्याच तासात, वाळवून पेट्रोल-ऑइल आत फिरवा. मुंबईच्या हवेत ओली उघडी टाकी संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस दिसते. आतून लावायचं सीलर फक्त भोकं पडली असतील तरच लावा. हलक्या प्रतीचं सीलर पेट्रोलमधल्या इथेनॉलने सुटून त्याच्या पापुद्र्यांनी कार्बोरेटर तुंबतो.

नवीन रिंगा घातल्या असतील तर पहिले ५०० किलोमीटर लिटरला ५० मिली ऑइल, नंतर ४० मिली. ‘थोडं जास्त घातलेलं बरं’ हे खरं नाही. जादा ऑइलची काजळी एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि सायलेन्सरच्या बॅफलमध्ये साचते आणि गाडी चढावर दम टाकते. पॉइंटचा, म्हणजे उघडताच प्लगला ठिणगी देणाऱ्या संपर्कांचा गॅप ०.४ मिमी, प्लगचा ०.६. प्लग घेताना थ्रेडची लांबी जुन्या प्लगशी ताडून पाहा, लांब थ्रेडचा प्लग पिस्टनवर आपटतो.

सुट्या भागांबद्दल : म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१पासून जावा काढली, १९७३पासून तेच घराणं येझदी नावाने चाललं आणि १९९६ला कारखाना बंद पडला. त्यामुळे येझदीचे बरेचसे भाग जावाला बसतात. मात्र ‘बरेचसे’ या शब्दावर पैसे देऊ नका, जुना भाग हातात घेऊनच दुकानात जा. बॅज, हेडलाइटची रिंग, मीटर यांसाठी चोर बाजार. मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. उजाडल्यावर गेलात तर चांगलं गेलेलं असतं.

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत बाबांची ऐंशीच्या दशकातली बुलेट नऊवारी नेसून चालवायची आहे. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, डोंबिवली

नऊवारीची अडचण नाही, काष्टा घातलेली नऊवारी मोटरसायकलवर सहावारीपेक्षा कितीतरी सोयीची. गोंधळ होतो तो पदराने आणि पायाशी. जुन्या बुलेटला डावीकडे साखळी, उजवीकडे किक, गिअर आणि तापलेला सायलेन्सर. पदर खांद्यावर दोन ठिकाणी पिनेने पक्का करा, कमरेभोवती ओढून पुढे खोचा, मागे लोंबणारं टोक ठेवू नका. आत सुती लेगिंग घाला, कारण उजवी पोटरी सायलेन्सरला लागतेच. सिंथेटिक साडी तिथे वितळून कातडीला चिकटते, त्यामुळे सुती किंवा रेशमी नेसा. कोल्हापुरी दिसते छान, पण किकवरून सटकते आणि गिअरच्या लिव्हरखाली अंगठा चेपतो. घोट्यापर्यंतचा साधा काळा बूट काष्ट्याखाली कुणाला दिसतही नाही. काचेच्या बांगड्या क्लचच्या हातात नकोत, पाटल्या चालतील. नथ दाबाची घ्या.

फेटा हेल्मेटऐवजी चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९मधली सूट पगडी घालणाऱ्या शीखांना आहे, मिरवणुकीतल्या फेट्याला नाही. आयएसआय मार्कचं, आयएस ४१५१चं ओपन-फेस हेल्मेट घाला, त्यात नथही मोकळी राहते. फेटा फोटोपुरता, गाडी स्टँडवर असताना.

गाडीचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. बुलेटचं इंजिन हवेवर थंड होतं आणि मिरवणुकीत हवा नसते. ढोल-ताशाच्या मागे पायी वेगाने अर्ध्या तासात हेड इतकं तापतं की गाडी आपोआप बंद पडते आणि क्लच घसरू लागतो. अर्धा क्लच दाबून सरकत राहू नका. पुढे वीस-तीस फूट मोकळे होऊ द्या, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून ते अंतर कापा, मग न्यूट्रल. थांबा दोन मिनिटांपेक्षा लांबला की इंजिन बंद. आदल्या दिवशी क्लच लिव्हरला २-३ मिमी ढील आहे ना ते पाहा, गरम झाल्यावर ती ढील कमी होते. गाडी सहा व्होल्टची असेल तर दिवा बंदच ठेवा, आयडलवर बॅटरी भरत नाही, उतरते. सोबत चालणारा एक माणूस हवाच, त्याचं काम फक्त गर्दीत किकच्या बाजूला जागा मोकळी ठेवायची.

आणि गिअर. उजव्या पायाचा, पहिला वर, बाकी तीन खाली, ब्रेक डाव्या पायाला. आजच्या गाडीची सवय असेल तर घाईत उजवा पाय ब्रेक म्हणून दाबला जातो आणि प्रत्यक्षात गिअर पडतो. आधीचे दोन-तीन रविवार रिकाम्या रस्त्यावर घालवा.

माझ्याकडे १९६९ची बुलेट आहे, आरसी आईच्या वडिलांच्या नावावर, ते आता नाहीत. व्हिंटेज गाड्यांचा ‘व्हीए’ नंबर घ्यावा की साधी आरसी रिन्यू करावी?
– एक वाचक, ठाणे

आधी हे ठरवा की गाडी चालवायची आहे की मिरवायची. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुनर्नोंदणीला ५ हजार. अर्ज फॉर्म २०वर. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. ‘व्हीए’ मालिका ही नव्याने नोंदवल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो, म्हणजे तुमचा जुना नंबर जाईल ही भीती सोडा.

रविवारी पहाटे मरिन ड्राइव्हला फेरी मारायची असेल तर साधी आरसीच रिन्यू करा, आमचं मत स्पष्ट आहे. पण क्रम चुकवू नका. जुनी पुस्तकी आरसी असेल तर गाडी संगणकावर दिसते का ते वाहन पोर्टलवर नंबर टाकून पाहा. नसेल तर ज्या आरटीओत नोंदणी झाली तिथे मूळ पुस्तक दाखवून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते, त्याशिवाय पुढचा कुठलाच ऑनलाइन अर्ज सरकत नाही. मग मृत मालकाच्या वारसाच्या नावावर हस्तांतर, फॉर्म ३१. त्यानंतर फॉर्म २५ने नूतनीकरण, पाच वर्षांसाठी, गाडी प्रत्यक्ष दाखवून. पर्यावरण कर, पीयूसी, किमान थर्ड पार्टी विमा आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट हे सगळं लागतंच. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांनाही ती प्लेट सक्तीची आहे, पितळी आकडे ठोकलेली जुनी प्लेट कितीही देखणी असली तरी ती आता घरातल्या भिंतीवर.

तपासणीत चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतात. त्याआधी नंबरावरचा रंगाचा थर थिनरने हळूच काढा, पॉलिश पेपर फिरवू नका. घासलेला नंबर दिसला की शंका येते आणि ती दूर करायला महिने जातात. हाच नियम गाडी विकत घेतानाही. आकडे एका रेषेत नसतील, त्यांची खोली कमी-जास्त असेल किंवा भोवती ग्राइंडरच्या रेघा दिसल्या, तर किंमत कितीही उतरली तरी परत फिरा.

कास्ट आयर्न, म्हणजे बिडाच्या जुन्या इंजिनाची बुलेट किक उलटी मारते. गरम झाल्यावर चालूच होत नाही. शिवाय खाली तेलाचं थारोळं.
– एक वाचक, मुलुंड

तीन तक्रारी, तीन वेगळी कारणं. मेकॅनिक तिन्हीसाठी कार्बोरेटर उघडतात, आणि तिथे दोष बहुधा नसतो.

उलटी किक म्हणजे ठिणगी फार लवकर पडते. पॉइंटचा गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं, म्हणून आधी गॅप, नंतर टायमिंग, उलट क्रमाने कधीच नाही. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग : पिस्टन कॉम्प्रेशनवर सर्वांत वर येण्याच्या ०.८ मिमी आधी पॉइंट उघडायला हवेत, ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनांची यंत्रणा) पूर्ण मागे असताना. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरा, तो जिथे अलगद निघून येतो तो उघडण्याचा क्षण. प्लगचं भोक तिरकं असल्याने त्यातून तार घालून मोजलेलं अंतर फसवं निघतं, डायल गेजवालाच मिस्त्री गाठा. एवढं करूनही किक उलटत असेल तर ऑटो ॲडव्हान्सची वजनं सुकलेल्या ग्रीसमुळे उघडी अडकली आहेत किंवा त्यांच्या स्प्रिंगा सैल झाल्या आहेत. वजनं पेट्रोलने धुवा, पिनांना इंजिन ऑइलचा एकेक थेंब.

किक मारण्याची पद्धतही पाहा. चावी चालू, किक सावकाश खाली. अँमीटरचा काटा डिस्चार्जकडून मध्यावर आला आणि किक कडक लागली की तिथे थांबा. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक किंचित पुढे सरकवा, डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण खालपर्यंत सलग किक. अर्धवट मारलेली किकच घोटा मोडते.

गरम असताना बंद पडून चालू न होणं हा कंडेन्सरचा, म्हणजे पॉइंटला जोडलेल्या छोट्या विद्युत भागाचा नमुनेदार रोग. पॉइंटचं झाकण काढून किक मारताना पाहा, पॉइंटमध्ये ढळढळीत पिवळी-पांढरी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेला. भाग स्वस्त आहे, म्हणून एक जास्तीचा गाडीत ठेवा. गरम इंजिनावर चोक किंवा टिकलर (कार्बोरेटरमध्ये जादा पेट्रोल सोडणारं बटण) वापरला तर प्लग ओला होतो आणि लोक दोष कंडेन्सरला देतात, तेवढं तपासून घ्या.

जाता जाता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची ढीलही तपासा, ती थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनवर वर असताना जुळवायची. पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. ‘आवाज येतो’ म्हणून टॅपेट कसून बसवणारा मिस्त्री एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतो, हलकी टकटक चालेल.

तेलाबद्दल बोलायचं तर गास्केट बदलण्याआधी ब्रीदर पाहा. क्रँककेसमधली हवा बाहेर जाऊ देणारा आणि आत न येऊ देणारा छोटा रबरी व्हॉल्व्ह कडक झाला किंवा तुंबला की आतला दाब मिळेल त्या सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. गाडी आयडलवर ठेवून ब्रीदरच्या नळीच्या टोकाशी बोट धरा. फुंकर बाहेर लागली पाहिजे, ओढ जाणवता कामा नये. २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल घाला आणि पातळी गाडी दोन-चार मिनिटं चालवून मगच बघा. उभ्या गाडीत तेल टाकीतून क्रँककेसमध्ये उतरतं, ते ‘कमी’ दिसतं, आणि त्यावर आणखी ओतलं की तेच थारोळ्यात निघतं.

इथेनॉलच्या पेट्रोलने यामाहा आरएक्स १००चं काय होईल?
– एक वाचक, अंधेरी

आधी मोजून पाहा. काचेच्या १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी घ्या, १०० पर्यंत पेट्रोल भरा, बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर २५च्या वर गेला तर तुम्हाला वीस टक्क्यांच्या आसपासचं पेट्रोल मिळतंय. ही चाचणी गॅलरीत करा, स्वयंपाकघरात नाही.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ पडतं. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकला पातळ मिश्रण म्हणजे गरम पिस्टन. प्लग पांढुरका दिसू लागला तर कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) एक पायरी मोठा घ्या आणि दहा-पंधरा किलोमीटरनंतर पुन्हा प्लग पाहा, फिकट तपकिरी रंगावर थांबा. पेट्रोलची नळी, फ्लोट नीडलचं टोक, नळातलं रबर हे इथेनॉल सोसणाऱ्या, शक्यतो व्हिटॉनच्या भागांनी बदला. आणि ऑटोल्यूब पंप (इंजिनाला ऑइल आपोआप पुरवणारा) काढून टाकून टाकीत ऑइल मिसळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पंप इंजिनाच्या वेगाप्रमाणे ऑइल देतो, फक्त त्याची केबल आणि खुणा जुळलेल्या हव्यात. तीन आठवड्यांहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामं करा.

घर समुद्रासमोर. टाकीचं क्रोम ठिपक्याठिपक्यांनी गंजलं आहे, रंग उडालाय. सगळं नव्याने करून घ्यावं का?
– एक वाचक, कुलाबा

रंगाला हात लावू नका. कारखान्यातला रंग एकदाच मिळतो. उडालेला मूळ रंग आणि हाताने ओढलेल्या रेघा जाणकाराला आजच्या चकचकीत पॉलियुरेथेनपेक्षा जास्त बोलतात. मऊ कापडाने साफ करा, मेण लावा, सोडून द्या.

क्रोमचं दुखणं निराळं. चमक दिसते ती अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेरच्या थराची, खरा बचाव त्याखालचं निकेल करतं. क्रोमला बारीक छिद्रं असतातच. खाऱ्या हवेतलं मीठ त्यातून उतरतं आणि निकेल पातळ असेल तर लोखंड ठिपक्यांनी वर येतं. ठिपके नुसते वरचे असतील तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, धुवा, कोरडं करा आणि मेण लावा. पावसाळ्याआधी आणि नंतर महिन्याला एकदा मेण. पापुद्रे सुटले असतील तरच पुन्हा प्लेटिंग. तिथे आधी तांबं, मग जाड निकेल, मग क्रोम असा क्रम लेखी ठरवून घ्या, आणि टाकी देण्याआधी आतून तपासा. जुना थर काढताना लागणारं ॲसिड गंजलेल्या पत्र्याला भोकं पाडतं. बफिंग करणाऱ्याला बॅजच्या कडा आणि उठावाची अक्षरं सोडायला सांगा, नाहीतर ती गुळगुळीत होऊन येतात.

गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर नको. आत दमटपणा कोंडतो आणि क्रोम कव्हरखालीच गंजतं. सुती चादर आणि वर छप्पर पुरे.

जंटलमन्स राइडला सूट घालावा की लेदर जॅकेट? जॅकेटवर बुरशीही आली आहे.
– एक वाचक, विलेपार्ले

२०१२ला सिडनीत सुरू झालेली ही राइड पुरुषांच्या आरोग्यासाठी निधी गोळा करते, आणि ती मे महिन्यात असते. मुंबईच्या मे महिन्यात लेदर विसरा, मेण लावलेलं कॉटन तर घामाने आणि वितळत्या मेणाने दोन्हीकडून भिजतं. लिनन किंवा पातळ लोकरीचा मोकळा सूट, आत चिलखतासारखा जाळीचा आर्मर शर्ट. टाय शर्टाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बटणामधून आत खोचा किंवा सरळ बो लावा. साखळीकडच्या पायाला पँटची क्लिप. बुटाचा तळ रबरी हवा, चामड्याचा तळ किकवर घसरतो. तपकिरी चामडं मढवलेली, शोभेची पातळ हेल्मेटं बाजारात खूप आहेत. आयएसआयचा शिक्का नसेल तर ती टोपीच समजा.

बुरशी घराबाहेर, कोरड्या ब्रशने झाडा. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पिळलेल्या कापडाने पुसा, आधी आतल्या बाजूच्या छोट्या भागावर करून रंग जातो का पाहा. सावलीत पंख्याखाली दोन दिवस, उन्हात नाही, नाहीतर चामडं तडकतं. मग लेदर क्रीमचा पातळ हात. कपाटात रुंद हँगरवर, भोवती मोकळी जागा ठेवून लटकवा.

जुन्या बुलेटची कॅफे रेसर, म्हणजे वाकून चालवायची रेसिंग धाटणीची गाडी करायची आहे.
– एक वाचक, वसई

हँडल, सीट, फूटरेस्ट हे बोल्टने बसणारं आणि काढता येणारं असेल तेवढंच करा, आणि काढलेला प्रत्येक भाग पेटीत जपून ठेवा. चासी कापू नका. कलम ५२नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलाबाहेरचा फेरफार चालत नाही, इंजिन बदललं तर आरसीवर नोंद लागते, रंग बदलला तरीही. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर तर ट्रॅफिक पोलीस काढून घेतात आणि रोड रोलरखाली घालतात. मूळ सायलेन्सरच ठेवा, फक्त कॉलरची क्लॅम्प आणि गास्केट नवीन घ्या, आवाज बराच भरदार येतो.